शॉटच्या आधी

नूतन घरत पगार नेमका कशाचा घेते, हे तिच्या आईला कधी धड कळलं नव्हतं. समुद्राच्या तळाखाली गॅस आहे की नाही ते ती आवाजावरून ओळखते, एवढं जनीबाई शेजारणींना सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "बाजारात मडका वाजवून घेतो ना आपन, तसाच. फकस्त हिचा मडका लय मोठा हाय." नूतननं आधी समजावून पाहिलं, मग नाद सोडला. खरं तर आईच्या बोलण्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतंच.

जहाजामागे पाण्यात एअरगन ओढत न्यायची. ती थोड्या थोड्या अंतरावर दाबलेल्या हवेचा बार सोडते. त्याला या धंद्यात शॉट म्हणतात. आवाज तळावर आपटतो, काही तळाखालच्या गाळात शिरतो, एकेका थरावरून परततो, आणि मागे सोडलेली लांबलचक केबल आपल्या पोटातल्या माइकांनी तो ऐकते. हे सगळे प्रतिध्वनी शेजारी शेजारी लावले की जमिनीचा उभा छेद पडद्यावर उमटतो. गाळात गॅस अडकलेला असेल तिथे एक झगझगीत पट्टा दिसतो आणि त्याच्या खाली सगळं पुसून टाकल्यासारखं कोरं. अशा जागी तेलाच्या रिगनं भोक पाडलं तर गॅस उसळून वर येतो, पायाखालचा गाळ पातळ होतो आणि रिग कलंडते. तसं होऊ नये म्हणून रिग येण्याआधी कुणीतरी छेद बघून सही करायची असते, की इथे उभे राहा. नूतन ती सही करायची.

ऑफिसात रोज बसणाऱ्या सहा पुरुषांत ती एकटीच बाई होती, पण तिला कुणी कधी चुकीत पकडलं नव्हतं, आणि हे ती विसरत नसे.

यंदा मात्र गंमत झाली. तिचा धाकटा भाऊ प्रथमेश बारावीला दोनदा आपटला होता, मग कुठलासा कोर्स करून रिगच्या डेकवर कामगार म्हणून लागला होता. पाइप उचलायचे, साखळ्या ओढायच्या, ग्रीसमध्ये न्हायचं. काशीदच्या पश्चिमेला, किनारा दिसेनासा झाल्यावर बरंच पुढे, एका नव्या विहिरीची जागा ठरली होती. तिचा सर्व्हे नूतनच्या कंपनीकडे आला आणि खणायला प्रथमेशचीच रिग येणार होती. हे ऐकून तो जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसला.

"म्हंजे ताई बोट दाखवनार आनि मी खननार!"

"नीट दाखव गो बाय," जनीबाई म्हणाल्या. त्याही हसत होत्या. वडील गेल्यापासून घरात ही तिघंच होती. नूतन हसली, पण तिला एकदम वाटलं की ही गंमत नव्हे, ही जोखीम आहे, आणि ती आपल्या एकटीच्या डोक्यावर आहे.

सर्व्हे जानेवारीत झाला. मांडव्याहून जहाज निघालं. समुद्र ताटात वाढल्यासारखा निपचित होता. इतर होड्यांची जाळी केबलीत अडकू नयेत म्हणून राखणीला कोर्लईच्या अंबाजीची होडी घेतली होती. ती दिवसभर बाजूबाजूनं चालायची. रेकॉर्डिंगच्या खोलीत सदा होता, गालात सुपारी धरून. जहाजावरची निम्मी हयात त्यानं त्या एका खुर्चीत काढली होती आणि उरलेली निम्मीही तिथेच काढायचा त्याचा विचार होता. डेटा असा स्वच्छ आला की दृष्ट काढावी. गॅसचं नावनिशाण नाही. नूतननं आईला फोन करून सांगितलं, मडकं पक्कं आहे.

ऑफिस अलिबागला, कोर्टाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर. ॲफिडेव्हिट करायला निघालेली माणसं चुकून जिना चढून यायची आणि पडद्यावरचे पट्टे बघून, ही कसली सोनोग्राफी, असं विचारायची. तिथे बसून नूतन रिपोर्ट लिहीत होती आणि तिच्या हातून चूक झाली.

रेकॉर्डर शॉटच्या थोडा आधी सुरू होतो, पापणी लवावी एवढाच आधी, म्हणजे काही निसटू नये. त्या तुकड्यात नुसती समुद्राची घरघर असते. काम सुरू करताना पहिल्यांदा तो कापून टाकतात. नूतन तो कापायला विसरली. अशी चूक करायला बराच अनुभव लागतो. नवखा माणूस घाबरून प्रत्येक पायरी तपासतो.

पडद्यावर छेद उमटला, आणि त्याच्या वर, शॉट होण्याआधीच्या त्या तुकड्यात, आणखी एक छेद होता. पुसट, पण होता.

तिला भीती वाटली नाही, चीड आली. आधीच्या शॉटचा आवाज पाण्यात घोळत राहतो आणि पुढच्याच्या डोक्यावर येऊन बसतो, हे नेहमीचं दुखणं. तिनं जहाजाच्या प्रत्येक सरळ फेरीचा, म्हणजे ओळीचा, पहिलाच शॉट काढून बघितला, ज्याच्या आधी कुठलाच शॉट नव्हता. तिथेही तो होता. दुसरं एखादं जहाज जवळपास काम करत असेल? नव्हतं. सॉफ्टवेअरचा घोळ? तिनं मूळ फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली. झेरॉक्सवाल्याचा पंखा खालून कुरकुरत होता. कुणीतरी जिन्यात नोटरीचं नाव घेऊन हाक मारत होतं. तो छेद जागचा हलला नाही.

मग तिनं आवाज वाढवला आणि सगळ्या ओळी एकत्र मांडल्या.

थर तेच होते, एकास एक. फरक ठरलेल्या जागीच होता. तिथे गाळात झगझगीत पट्टा होता, खाली कोरं. वर तळावर तीन खड्डे होते, त्रिकोणाच्या तीन टोकांना, आणि मधोमध एक मोठं विवर. प्रथमेशच्या रिगला समुद्राच्या तळात रोवायचे तीन पाय आहेत. त्या पायांमधलं अंतर नूतनला पाठ होतं, कारण तेच गृहीत धरून ती हे काम करत होती. तिनं मोजून पाहिलं. अंतर तेवढंच भरलं. ती उठली आणि बाटलीभर पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी तिनं सदाला बोलावून दाखवलं.

"घड्याळात गडबड असेल का?"

"घड्याळ ठीक आहे मॅडम. मी ओळीगणिक तपासतो."

"मग शॉटच्या आधी हे काय आहे?"

सदानं सुपारी एका गालातून दुसऱ्यात नेली. "कापून टाकायचं असतं ना ते," तो म्हणाला. "कापूनच टाका की."

त्यांची मुख्य हेतल मेहता. ती दर सोमवारी मुंबईहून रो-रो बोटीनं गाडीसकट यायची आणि संध्याकाळच्या फेरीनं परत जायची. जहाजाचा करार संपायच्या आधी एक शांत फेरी मारायची पद्धत असते: गन डेकवर काढून ठेवायच्या, केबल नुसती ऐकत ओढायची आणि समुद्राचा आपला गोंगाट किती आहे ते नोंदवायचं. ती फेरी बहुतेक वेळा कागदावरच होते. नूतननं ती खरोखर मागितली. हेतलनं खांदे उडवले आणि हो म्हटलं.

भर दुपारी फेरी झाली. नूतन स्वतः डेकवर जाऊन गनना हात लावून आली. उन्हानं त्या तापल्या होत्या, मीठ वाळून पांढरे डाग पडले होते, हवेच्या नळ्या काढून गुंडाळून ठेवल्या होत्या. डिझेलचा आणि जुन्या दोरखंडाचा वास येत होता. पाण्यावर काही हालत नव्हतं. ती खोलीत आली तेव्हा सदा खुर्ची थोडी मागे सरकवून बसला होता.

पडद्यावर छेद उमटत होता. एकेक रेघ, डावीकडून उजवीकडे, कामाच्या दिवशी उमटतो तसाच. आता तो पुसट नव्हता. तळ आला, थर आले, पहिला खड्डा आला. मग विवर. विवराच्या आत उभी, सरळ, टणक अशी एक रेघ होती. गाळात अशी रेघ नसते. पाइपची असते.

तेवढ्यात बाहेर हाक ऐकू आली. अंबाजीनं होडी नेमापेक्षा जवळ आणली होती.

"ओ सायेब! बंदुका बंद हायेत बोल्लाव ना? मंग होडीच्या बुडाला कशा दनके बसतान?"

सदानं दारात जाऊन दोन्ही हात वर केले, रिकामे. अंबाजीनं डेकवर आडव्या पडलेल्या गन पाहिल्या.  होडी वळवून तो दूर गेला आणि उरलेला दिवस इतका लांब राहिला की राखणीचा काही अर्थच उरला नाही.

"हे मी बघितलेलं नाही," सदा म्हणाला आणि पडदा बंद केला.

आता नूतनची खरी पंचाईत झाली. शॉटनंतरचा डेटा, ज्याच्यावर जग चालतं, तो सांगत होता की जागा निर्धोक आहे. शॉटच्या आधीचा डेटा डेटा नव्हताच. तो रिपोर्टात लावला असता तर तिला आधी रजेवर पाठवलं असतं आणि मग डॉक्टरकडे. आणि खरं सांगायचं तर तिलाही तेच योग्य वाटलं असतं. पण रिग निघाली होती, प्रथमेश आपली बॅग भरून गेला होता, जाताना आईनं त्याच्याबरोबर सुक्या जवळ्याची चटणी दिली होती.

तिनं खोटं काम केलं. स्वच्छ छेदात एका ठिकाणी प्रतिध्वनी जरासा उजळ होता, कुठल्याही छेदात असतो तसा. त्याच्याभोवती तिनं लाल रंग भरला आणि लिहिलं: गॅसची शंका, जागा सरकवावी. या धंद्यात नाही म्हटल्यावर गॅस निघाला तर माणूस संपतो. शंका घेतली म्हणून कुणाला कुणी जाब विचारत नाही. तरी तिचा हात जड झाला. आपल्या नजरेची इतकी वर्षांची अब्रू तिनं त्या लाल रंगात घातली होती.

हेतलनं नकाशा बराच वेळ पाहिला.

"हा कलर कशासाठी?"

"शंका आहे."

"मला तर साफ दिसतंय, नूतन."

"मला शंका आहे, हेतलबेन."

"शांत फेरीत काय मिळालं?"

नूतननं सांगायला तोंड उघडलं. "गन बंद असताना..." एवढंच ती बोलली.

"गन बंद असताना काय? क्लायंटला काय सांगू, समुद्र आपणहून बोलला?" हेतल हसली, पण तिचं हसू लगेच मावळलं. "तुझा भाऊ आहे ना त्या रिगवर?"

"हो."

"ठीक. रिपोर्ट म्हणून लिही हां. घरची चिठ्ठी म्हणून नको." तिनं सही केली आणि पेन टेबलावर टाकलं. नंतर बरेच दिवस ती नूतनशी कामापुरतंच बोलली.

जागा सरकली. उत्तरेला, चांगलं दीड-दोन किलोमीटर. रिग आली, तिथे पाय रोवून उभी राहिली. वरच्या गाळातून भोक पाडायचे पहिले दिवस धोक्याचे असतात. त्या दिवसांत नूतन फोन उशाशी आणि मांडीशी घेऊन वावरली. देवाला नमस्कार करायची तिची सवय मोडली होती, ती तिनं गुपचूप पुन्हा लावून घेतली. मग एक दिवस प्रथमेशचा मेसेज आला: बिर्याणीच्या ताटाचा फोटो, आणि खाली, "वरचा भाग पार. बुडबुडा पन न्हाय."

नूतन ऑफिसच्या जिन्यात बसून रडली. ॲफिडेव्हिटला आलेल्या एका बाईनं तिला, कोर्टात हरलात का, असं विचारलं. "नाही," ती म्हणाली, "जिंकले." त्या संध्याकाळी तिनं जानेवारीच्या सगळ्या फाइलींमधला शॉटच्या आधीचा तुकडा कापून टाकला, नेहमीच्या पद्धतीप्रमाणे.

एप्रिलअखेर विहीर पुरी झाली आणि रिग गेली. ती उठून गेल्यावर तळ तपासायचा असतो, मागे लोखंडलक्कड राहिलं तर मच्छीमारांची जाळी फाटतात. पुन्हा तेच जहाज, तोच सदा. अंबाजी यायला नाही म्हणाला. कारण दिलं नाही. दुसरी होडी घेतली.

नव्या जागेवरून जहाज गेलं. तिथे तीन खड्डे दिसायला हवे होते. एवढ्या मोठ्या रिगचे पाय महिना-दीड महिना तळात रुतले होते. त्यांचे ठसे वर्षभर बुजत नाहीत.

तळ सपाट होता. मच्छीमारांची जाळी ओढून पडलेल्या बारीक रेघा जानेवारीत होत्या तशाच होत्या. एकही मोडली नव्हती.

"जागा चुकली," सदा म्हणाला. त्यांनी जागा तपासली. उपग्रहावरून तपासली, रिग ओढणाऱ्या टग-बोटींच्या नोंदींवरून तपासली. जागा बरोबर होती. रिग इथेच उभी होती, सगळ्यांनी पाहिली होती.

ओळी लांब होत्या. तीच ओळ पुढे दक्षिणेला, जुन्या जागेवरून जायची.

पहिला खड्डा आला.

दुसरा, तिसरा. मधे विवर, आणि विवरात आडवातिडवा वाकलेला पाइप. विवराच्या तळातून बुडबुड्यांची एक बारीक दोरी वर येत होती, थेट पृष्ठभागापर्यंत. नूतन बाहेर आली आणि कठड्यावरून वाकून तिनं पाहिलं. पाणी तेवढ्याच ठिकाणी अगदी हलकं, आधण येण्याआधी भांड्यात फुटतं तसं फुटत होतं.

सदा तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"इथे तर कुणी खणलंच नाही."

"नाही."

"रिगवरचे सगळे परत आले ना?"

"आले. माझा भाऊ काल घरी आला."

"मग झालं तर," सदा म्हणाला. पण तो तिच्याकडे बघत नव्हता.

मांडव्याला उतरून तिनं स्कूटर काढली. पोयनाडच्या अलीकडे त्यांचं गाव. शेतं कोरडी पडली होती, आंब्यांच्या पेट्या भरलेला टेंपो तिला ओलांडून गेला. तिनं मनाशी ठरवलं, की त्याला काही विचारायचं नाही. तो आहे, एवढं पुरे. घरापाशी आली तेव्हा ओटीवर त्याच्या चपला होत्या आणि आतून तळलेल्या बोंबलांचा वास येत होता. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं.

प्रथमेश जेवत होता. उन्हानं काळवंडला होता, थोडा बारीक झाला होता. जनीबाई समोर बसून त्याला वाढत होत्या, खुशीत होत्या.

"बघ गो, पोरगा कसा शाना होऊन आयला रिगवर्न," त्या म्हणाल्या. "भात वाढू काय, असा तोंडातून निंगायच्या आदीच 'बास' म्हनतो. कालपास्ना याला कायच इचारावा लागत न्हाय."

नूतननं हेल्मेट खुंटीला अडकवलं. ती काही बोलली नव्हती. ती बोलणारही नव्हती.

"न्हाय ताई," प्रथमेश ताटातून वर न बघता म्हणाला. "दुखला न्हाय. आवाज झाला तवा आमी सगली झोपलेलो."

"कसला आवाज रे?" जनीबाईंनी विचारलं.

त्यानं आईकडे लक्ष दिलं नाही. हातातला घास तसाच धरून त्यानं मान वर केली आणि नूतनच्या ओठांकडे बघत, शांतपणे, तिनं तो प्रश्न विचारण्याची वाट बघत राहिला.